पेटवेदादांचा डावा पाय

या, जवळ सरकून बसा. आणखी थोडं इकडे, म्हणजे मला आवाज चढवावा लागणार नाही. ही गोष्ट मोठ्याने सांगण्यासारखी नाही. आमच्या नव्या गिलाद मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, कुणी बोलायला उभं राहिलं की आधी ऑर्गनवाला हळूच सूर धरतो, मग बाकांवरची माणसं "हो बाबा, सांगा" म्हणतात, आणि मग कुठे बोलणाऱ्याला उमेद येते. आज ऑर्गन नाही. तुम्ही मधूनमधून "हं" म्हटलंत तरी पुष्कळ. एका माणसाच्या पायाची गोष्ट सांगते, आणि तो पाय ज्या बाईमुळे गेला तिची. ती बाई मीच, ऑडेसा ग्रिग्ज.

तर मंगळवार होता. दुपारचे दोन वाजले असतील. काउंटी हॉस्पिटल, म्हणजे आमच्या जिल्ह्याचा सरकारी दवाखाना, त्याच्या तळमजल्यावर नोंदणीच्या चार खिडक्या, त्यातली तिसरी माझी. समोरच्या बाकांवर साठ-सत्तर माणसं. कुणाचा हात गळ्यात, कुणाचं मूल मांडीवर, कुणी नुसतंच भिंतीकडे बघत बसलेलं. आमच्या गावात हॉस्पिटलं दोन. टेकडीवरच्या हॉस्पिटलात दारातच विम्याचं कार्ड मागायचे. आमच्याकडे दारात विचारायचे, "कुठे दुखतंय?" कार्डाचा प्रश्न नंतर, माझ्या खिडकीत. आणि कार्ड नसलं तर मी एक लांबलचक कागद भरायचे. घरात माणसं किती, चूल कुणाच्या जिवावर पेटते, काउंटीत राहता याला पुरावा काय. कागद भरला की माणूस आत. बावीस वर्षं मी हेच केलं. मिसिसिपीच्या आमच्या त्या कोपऱ्यात ज्याला कुठेच थारा नाही, त्याचं नाव शेवटी माझ्या हाताखालून जायचं.

खिडकीशी एक करडी हॅट आली. हॅटखालचा चेहरा दिसायच्या आधीच मी माणूस ओळखला. अलॉन्झो पेटवे. आमच्या मंडळीचे सर्वांत जुने डीकन. पाळकांच्या खालोखाल मान त्यांचा. दर रविवारी संदेशाच्या, म्हणजे पाळकांच्या प्रवचनाच्या आधी ते उभे राहायचे, डोळे मिटायचे आणि गीताची एक ओळ नुसती बोलून दाखवायचे. मग ती ओळ सगळी मंडळी अशी लांबवायची, अशी लांबवायची, की छपराचे वासे तिच्यावर टेकल्यासारखे वाटायचे. एकतीस वर्षं त्यांनी ट्रॅक्टरचे भाग बनवणाऱ्या फॅक्टरीत काढली. दोन वर्षांपूर्वी फॅक्टरी बंद झाली. तिच्याबरोबर विमाही गेला. पण दर रविवारी सूट इस्त्रीचा, बूट चकचकीत, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही.

"ऑडेसाताई," ते काचेच्या भोकाशी वाकून म्हणाले, "जरा विचारायचं होतं. माझ्यासाठी नाही. एक चुलतभाऊ आहे. लांबचा."

"काय होतंय त्यांना?"

"साखर आहे त्याला. पायाच्या अंगठ्याचा जरा रंग बदललाय."

"कसला झालाय रंग?"

"जांभळा होता. आता त्याच्याही पुढे गेलाय."

मी खाली पाहिलं. डावा बूट पुढून सुरीने कापलेला होता, सुजलेला अंगठा मावावा म्हणून. आत काळा मोजा, आणि कापलेल्या कडा दिसू नयेत म्हणून बूट, मोजा, सगळ्यावर मिळून काळं पॉलिश फासलेलं. इतकं नीट फासलं होतं, की लांबून कुणाला कळलं नसतं.

"चुलतभावाचं वय?"

"एकसष्ट."

"जन्मतारीख?"

त्यांनी स्वतःची सांगितली. दरवर्षी त्या दिवशी मंडळीत त्यांच्यासाठी केक कापला जायचा, मीच भाजलेला.

"घरी कोण असतं?"

"बायको. तिला यातलं माहीत नाही." मग घाईने, "म्हणजे, त्याच्या बायकोला."

"मग चुलतभावाला म्हणावं, आलाच आहेस तर आजच दाखव. पायाचे डॉक्टर चारपर्यंत आहेत."

"त्याला इथे कुणी बघेल ना."

"दादा, इथे प्रत्येक जण आपापलं तोंड लपवण्यात गुंतलेला असतो. तुमच्या चुलतभावाकडे बघायला कुणाला फुरसत आहे?"

तेव्हा ते पहिल्यांदा हसले. मी कागद पुढे सरकवला. "इथे सही लागेल. त्यांची." त्यांनी पेन घेतलं, थोडा वेळ नुसतंच धरलं, आणि मोठ्या वळणदार अक्षरांत लिहिलं, अलॉन्झो पेटवे. मग हॅट काढली.

"इथलं इथेच राहील ना, ताई?"

"माझ्या मेलेल्या आईची शपथ."

हे मी म्हणाले. लक्षात ठेवा, मी म्हणाले.

दर गुरुवारी ते यायला लागले. पायांच्या खोलीत मर्लीन नावाची नर्स होती, तोंडाची फाटकी आणि हाताची मऊ. डॉक्टर न्वोसू नायजेरियाहून आलेले, बोलणं मोजकं. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "अंगठा गेलाय. तो मी काढतो. पाय अजून तुमचा आहे. प्रत्येक गुरुवारी आलात तर तुमचाच राहील. न आलात तर माझा होईल, आणि मला नकोय."

विलेटवहिनींना दादांनी सांगितलं होतं की आपण गुरुवारी तळ्यावर मासे धरायला जातो, आणि अंगठ्यावर फॅक्टरीतला जुना घाव चिघळलाय. म्हणून परत जाताना बाजारातून दोन मासे घेऊन जायचे. मर्लीन पट्टी बांधताना विचारायची, "काय काका, आज पाणी कसं होतं?" आणि वहिनी मंडळीच्या स्वयंपाकघरात सगळ्यांना सांगायच्या, "आमच्या ह्यांना म्हातारपणी काय हात लागलाय बघा. गळाला येतात तेच मुळी खवले काढून, पोट साफ करून!" बायका हसून लोटपोट व्हायच्या. मीही हसायचे. वहिनी काही खुळ्या नव्हत्या. नवऱ्याला झाकायला एक पांघरूण लागतं, ते त्यांनी त्याला राहू दिलं होतं.

जखम भरत होती. मर्लीन मला जेवणाच्या सुट्टीत सांगायची, "गुलाबी झालीय गं, तान्ह्या मुलाच्या हिरडीसारखी." मी देवाचे आभार मानायचे. हे खरं आहे. मी त्या माणसासाठी रोज प्रार्थना करत होते, हेही खरं आहे. पुढचं ऐकाल तेव्हा हे विसरू नका, कारण मलाच कधीकधी त्यावर विश्वास बसत नाही.

पाचव्या गुरुवारी ते तापाने फणफणत आले. जंतू हाडात उतरले होते. डॉक्टरांनी तिथल्या तिथे दाखल करून घेतलं. दहा दिवस शिरेतून औषध. "पुरे दहा," डॉक्टर म्हणाले, "नऊ नाही." दादांनी घरी फोन केला, की मेम्फिसला भावाची तब्येत बिघडलीय, मी परस्परच निघालो. आणि तिसऱ्या मजल्यावर, खोली तीनशे बारामध्ये, खिडकीकडे तोंड करून पडून राहिले.

आता शनिवारचं सांगते.

मंडळीचा रविवारचा कागद मी टाइप करायचे. पंधरा वर्षं करत होते. उपासनेचा क्रम, वाढदिवस, कुणाकडे जेवण, आणि मागच्या बाजूला आजारी माणसांची यादी. आमच्यात ती यादी फार मोलाची. नाव, त्यापुढे माणूस कुठे आहे ते, आणि हॉस्पिटलात असेल तर मजला आणि खोलीही. म्हणजे उपासना सुटली की लोक सरळ भेटायला जातात. कुणी एकटं पडू नये म्हणून ती रीत.

शनिवारी दुपारी मंडळीच्या कचेरीत मी एकटीच होते. चार नावं झाली. मग मी टाइप केलं, "बंधू अलॉन्झो पेटवे." आणि थांबले. म्हटलं, नुसतं नाव राहू दे. नाव वाचलं तर निदान दोनशे माणसं प्रार्थना करतील. हाडापर्यंत गेलेल्या जंतूंना दोनशे माणसांची प्रार्थना हवी. इथवर माझ्या मनात मायाच होती.

मग मला आई आठवली.

चौदा वर्षांपूर्वी माझी आई काउंटीत दोन महिने पडून होती. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, आणि जे येऊ शकत नाहीत त्यांच्याकडे डीकन भाकर आणि द्राक्षरस घेऊन जातात. तेव्हा हे काम पेटवेदादांकडे होतं. पहिल्या रविवारी आईने पांढरे हातमोजे चढवले, मला केस विंचरायला लावले आणि दाराकडे बघत बसली. उजेड जाईपर्यंत बसली. दादा टेकडीवरच्या हॉस्पिटलात गेले होते, तिथल्या तिघांना देऊन आले. आमच्याकडे आले नाहीत. दुसऱ्या महिन्यातही तसंच. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तिकडे गाडी लावायला जागाच नसते गं." तिसरा पहिला रविवार आईने पाहिला नाही. मी त्या माणसाला चौदा वर्षं केक भाजून घातले आणि याबद्दल पुन्हा एक शब्द काढला नाही.

माझी बोटं टाइपच्या कळांवर होती. मी नावापुढे टाइप केलं, "काउंटी हॉस्पिटल." मग "तिसरा मजला." मग "खोली ३१२."

पुढे सगळ्यांना मी सांगितलं, सवयीने झालं, बोटांना पंधरा वर्षांचं वळण आहे. तसं झालं नाही. प्रत्येक अक्षर मी बघून दाबलं. दाबताना मला थंडगार बरं वाटलं, उन्हातून येऊन बर्फ घातलेला चहा प्यावा तसं. आणि तेवढ्यातच मी स्वतःला समजावलं, की लोकांना भेटायला जाता यावं म्हणून करतेय. माया आणि सूड एकाच नळाने येतात हो, निदान माझ्या घरात तरी.

रविवारी पाळकबाबा टिलमन यांनी यादी स्वतः वाचली. "बंधू अलॉन्झो पेटवे," ते वाचून गेले आणि मग त्यांचा आवाज अडला, कारण पुढचं त्यांच्याही ध्यानीमनी नव्हतं. "काउंटी हॉस्पिटल. तिसरा मजला." तिसऱ्या बाकावर विलेटवहिनी हातपंख्याने वारा घेत होत्या. पंखा थांबला. त्यांच्या मानेवरून कळत होतं की दोनशे माणसं आपल्या मानेकडे बघताहेत हे त्यांना कळलंय.

आणि मग संदेश. देवा, तो संदेश! मी आयुष्यभर गायलेले संदेश ऐकत आलेय, पण त्या दिवसासारखा ऐकला नाही. पाळकबाबा हळू बोलत सुरू झाले, रस्त्यावर पडलेल्या माणसाबद्दल, आणि त्याच्या बाजूने निघून जाणाऱ्यांबद्दल. मग आवाज चढला, शब्दांना चाल लागली, ऑर्गन त्यांच्या मागे धावू लागला.

"आपला भाऊ तिथे पडलाय... मी विचारतो, कोण जाणार?"

"मी जाईन!" मंडळी म्हणाली.

"पायऱ्या झिजल्यात... कोण जाणार?"

"मी जाईन!"

"भिंतींचा रंग उडालाय, बाकांचे पाय मोडलेत, टेकडीवाले तिकडे बघत नाहीत... कोण जाणार?"

"मी जाईन!" सर्वांत मोठा आवाज माझा होता. गालांवरून पाणी वाहत होतं. मी दोन्ही हात वर केले होते. आनंदाने, ऐका, आनंदाने.

आणि लोक खरंच गेले. उपासना सुटली तशा गाड्यांच्या गाड्या निघाल्या. चाळीसेक माणसं, पिसांच्या हॅटा, पांढरे सूट, हातांत झाकलेल्या थाळ्या. काउंटीच्या लिफ्टमध्ये सहा माणसं मावतात, म्हणून बाकीचे जिन्याने गाणं म्हणत चढले. मर्लीनची रविवारची पाळी होती. ती कमरेवर हात ठेवून आडवी आली.

"साखरेच्या पेशंटला सात केक? तुम्ही भेटायला आलात की पोचवायला?"

पण चाळीस माणसांना एक मर्लीन काय थोपवणार. मी दारातून डोकावले. दादा नुकतेच संडासातून बाहेर आले होते. एका हाताने सलाईनची काठी धरलेली, अंगावर हॉस्पिटलचा तो झगा, मागून सगळा उघडा. दुसऱ्या हाताने ते तो मागे गोळा करून धरत होते आणि तो धरला जात नव्हता. माणसं आत घुसली. "डीकनदादा! देव चांगला आहे!" "अहो, आम्हाला सांगायचं नाही होय?" कुणी त्यांचे खांदे धरले, कुणी गीत धरलं. त्यांनीच शिकवलेलं गीत. सगळ्यांच्या मागून विलेटवहिनी आल्या. त्यांनी आपला कोट काढला, नवऱ्याच्या कमरेभोवती मागून गुंडाळला आणि बाह्यांची गाठ मारली.

दादांनी कुणाकडे पाहिलं नाही. फक्त दारात माझ्याकडे एकदा पाहिलं.

सोमवारी त्यांनी स्वतःच सुई काढली, जबाबदारी माझी असं लिहून दिलं आणि गेले. नऊ नाही, चार दिवस झाले होते.

मंगळवारी मर्लीन माझ्या खिडकीशी आली. "तुला ठाऊक आहे का? काल काका जायच्या आधी डनलॅपसाहेब वर आले होते." डनलॅप आमच्या नोंदणीचे साहेब. पेशंटची माहिती बाहेर फुटली तर आमच्याकडे सरळ नारळ मिळतो. "त्यांनी काकांना विचारलं, तुमचं नाव बाहेर कुणी दिलं? काका म्हणाले, मीच दिलं. मीच ऑडेसाला म्हटलं होतं, यादीत टाक म्हणून." मर्लीनने माझ्याकडे निरखून पाहिलं. "तसं म्हणाले होते का ते तुला?"

मी मान हलवली. होय म्हणून हलवली की नाही म्हणून, तिला कळलं नसावं.

बुधवारी मी त्यांच्या घरी गेले. दादा ओसरीवर बसले होते, पाय उपड्या बादलीवर. वास पायरीपर्यंत येत होता.

"या टाइपिस्टबाई," ते म्हणाले, "बसा."

"उद्या गुरुवार आहे, दादा."

"असेल. दर आठवड्याला येतो तो."

"मर्लीनने तुमच्या पट्ट्या बाजूला काढून ठेवल्यात."

"तिला म्हणावं, दुसऱ्या कुणाला बांध. तिथे रांग मोठी आहे."

आतून विलेटवहिनींचा आवाज आला, "मी सांगून थकले, ऑडेसा. माझ्या गळाला हा मासा लागत नाही."

दादा हसले नाहीत. मी म्हटलं, "डनलॅपसाहेबांना तुम्ही खोटं का सांगितलंत?"

"तुझ्या पेन्शनला तीन वर्षं राहिलीत. नोकरी गेली की माणसाचं काय होतं, ते मला बघायचं होतं तेवढं बघून झालंय."

"मग माझ्यासाठी तरी चला. पाय जाईल हो."

"चाळीस वर्षं मी त्या लोकांपुढे उभं राहून सूर दिला. त्यांनी मला मागून उघडा पाहिला. आता त्या जिन्यावर पाय ठेवला की मला तो झगा घातल्यासारखं वाटणार. दर गुरुवारी." मग त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. "एक विचारतो. खरं सांग. चुकून झालं ना?"

तेव्हा खरं सांगितलं असतं तर ते भडकले असते. शिव्या दिल्या असत्या, काठी उगारली असती. भडकलेला माणूस भांडायला तरी घराबाहेर पडतो. कदाचित मला दाखवायला म्हणून, हट्टाने, दुसऱ्या दिवशी माझ्याच खिडकीसमोरून ताठ मानेने वर गेले असते. मी किती वेळा हे मनात घडवून पाहिलंय.

"चुकून," मी म्हणाले. "सवयीने."

"बरं," ते म्हणाले. "चुकीला माणूस काय करणार?"

आणि पाय बादलीवर सरळ केला.

मर्लीन दोनदा आपल्या गाडीने त्यांच्या घरी पट्टी करायला गेली, तिच्या सुट्टीच्या वेळात. डॉक्टर न्वोसूंनी स्वतः फोन केला. असं टेकडीवर कुणी करत नसेल. पण शिरेतलं औषध काही पट्टीतून जात नाही. एकोणीस दिवसांनी दादा शुद्ध हरपलेले, रुग्णवाहिकेतून, आमच्याच दारी आले. दारात कुणीतरी सवयीने विचारलं, "कुठे दुखतंय?" आणि उत्तर द्यायला कुणी नव्हतं. कागद मीच भरला. या वेळी सहीच्या जागी वहिनींची सही.

पाय गुडघ्याखाली कापला.

चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी वर गेले. ते जागे होते. चादर डावीकडे अर्ध्यावरच सपाट झाली होती. मी खुर्चीवर बसलेच नाही.

"दादा, चुकून झालं नव्हतं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी सगळं सांगितलं. हातमोजे, दोन रविवार, गाडी लावायची जागा, कळांवरची बोटं. सांगताना आवाज चढू नये म्हणून पलंगाचा दांडा घट्ट धरला होता.

मग त्यांनी विचारलं, "तुझ्या आईचं नाव काय होतं?"

"लुएला. लुएला मेबेरी."

"कुठल्या बाकावर बसायच्या?"

"डावीकडे. खांबाजवळ."

"लुएला मेबेरी," त्यांनी डोळे मिटले, गीताची ओळ आठवताना मिटायचे तसे. "खांबाजवळ..." मग डोळे उघडले. ते ओले होते. "आठवत नाहीत गं. खरंच आठवत नाहीत."

मला वाटलं होतं, ते म्हणतील, मला माफ कर. किंवा म्हणतील, चालती हो. चौदा वर्षं मी ज्या माणसाशी मनात भांडले, त्याला त्या भांडणाचा पत्ताच नव्हता. भांडण मी एकटीनेच केलं होतं, आणि पाय मात्र त्याचा गेला होता.

"मी इथे यायचं टाळत होतो, एवढं आठवतं," ते म्हणाले. "घरी सांगायचो, तिथला वास सोसत नाही. वास काही नव्हता. मला वाटायचं, इथे येणं-जाणं ठेवलं तर एक दिवस इथलाच होईन." त्यांनी सपाट चादरीकडे पाहिलं. "आणि तू? दर वाढदिवसाला केक करायचीस की."

"मायेने करायचे, दादा. तेच तर कळत नाही मला."

"केक चांगला असायचा," ते म्हणाले. मग, "पाणी दे जरा."

मी पाणी दिलं. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, आणि मागायची माझी छाती झाली नाही.

डिस्चार्ज मिळाला तो दिवसही गुरुवारच निघाला. दुपारचं कडक ऊन. विलेटवहिनींनी गाडी मागच्या बाजूला, धुलाईघराशी आणून लावली होती. "तिथे कुणी नसतं," त्या मला कानात म्हणाल्या. चाकाची खुर्ची ढकलायला मी मागून घेतली होती. पँटची डावी बाजू दुमडून पिनेने टाचलेली. लिफ्ट खाली आली, मी उजवीकडे वळवायला लागले.

"समोरून," दादा म्हणाले.

"अहो, समोर सगळी खिडक्यांची रांग आहे," वहिनी म्हणाल्या. "पायवाले सगळे आज आलेत. आपल्या मंडळीतलेही असतील."

"असू देत. समोरून. आणि सावकाश ढकल, ऑडेसा, पळवू नकोस."

बाकं गच्च भरली होती. आम्ही मधल्या वाटेने निघालो. लोकांनी पाहिलं, मग रीतीप्रमाणे नजरा खाली घातल्या. खांबाच्या आडोशाला एक म्हातारी बसली होती, पायात पुरुषी चपला, घोट्यापासून बोटांपर्यंत फडकं गुंडाळलेलं. दादांनी हात वर केला. मी खुर्ची थांबवली.

"बाई," ते म्हणाले, "तुमचं नाव काय?"

ती दचकली. तिथे नाव फक्त खिडकीत विचारतात. "अर्नेस्टीन," ती म्हणाली. "अर्नेस्टीन पूल."

"अर्नेस्टीन पूल," त्यांनी नीट, दोन्ही शब्द वेगवेगळे, म्हणून पाहिले. "मी अलॉन्झो पेटवे. पुढच्या गुरुवारी मी याच बाकावर असेन." आणि मला बोटाने खूण केली, चल.

दाराबाहेर जाईपर्यंत त्यांनी आणखी चौघांची नावं विचारली. माझे हात खुर्चीच्या मुठींवर होते आणि मी खाली, त्यांच्या टाळूकडे बघत होते. मान वर करायची मला लाज वाटत होती. ती लाज अजून गेलेली नाही, आणि जावी असं मी देवाकडे कधी मागितलं नाही.

दीड वर्ष जगले ते. गुरुवार एकही चुकला नाही. गेले तेव्हा काउंटीतच गेले, दुसरीकडे जायचं त्यांनी मनातही आणलं नाही.

तुम्ही चांगलं ऐकून घेतलंत. आता एवढं करा. आज देवापुढे बसाल तेव्हा तुमच्या माणसांच्या ओळीत त्यांनाही बसवा. अलॉन्झो पेटवे. म्हणा बरं एकदा, माझ्यादेखत. दोन्ही शब्द, सावकाश.